निवृत्तीनंतरचं न्यूझीलंड

जनरल करिअप्पा लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि सरकारने त्यांना ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून पाठवलं. अ‍ॅडमिरल ऑस्कर स्टॅनली डॉसन १९८४ मध्ये नौदलप्रमुखपदावरून उतरले आणि पुढच्याच वर्षी उच्चायुक्त म्हणून वेलिंग्टनला गेले. आणखी काही वर्षांनी अ‍ॅडमिरल सुरीश मेहता यांचीही रवानगी तिथेच झाली. न्यूझीलंड देखणा देश आहे, माणसं सभ्य आहेत, क्रिकेटही नेटकं खेळतात. पण भारताच्या संरक्षणाचा कुठलाही प्रश्न वेलिंग्टनमध्ये अडकून पडलेला नाही. मग आयुष्यभर युद्धनौकांवर घालवलेल्या माणसाला तिथे पाठवून आपण नेमकं काय साधतो?

ही यादी बरीच लांबते. जनरल थापर काबूलला गेले, जनरल जे. एन. चौधरी कॅनडाला, अर्जन सिंग आधी स्वित्झर्लंडला आणि मग केनियाला. एअर चीफ मार्शल लतीफ मुंबईच्या राजभवनातून थेट पॅरिसला गेले. लष्करप्रमुख राहिलेले जनरल दलबीर सिंग सुहाग २०१९ मध्ये सेशेल्सचे उच्चायुक्त झाले. सेशेल्स म्हणजे हिंदी महासागरातली बेटं. आपला तिथला सगळा रस समुद्राशी, गस्तीशी, धक्क्यांशी आणि रडारशी जोडलेला. तिथे नेमका भूदलाचा माणूस गेला. सुहाग यांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही. नेमणूक करताना कुणी नकाशा समोर घेतला होता का, एवढीच शंका आहे.

आता दुसरी यादी पाहा, ती फार छोटी आहे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद १९९८ मध्ये आलं. ब्रजेश मिश्र, जे. एन. दीक्षित, एम. के. नारायणन, शिवशंकर मेनन, अजित डोवाल. तिघे परराष्ट्र सेवेतले, दोघे पोलीस सेवेतले. गणवेशातला एकही नाही. निवृत्त सेनाप्रमुख राजदूत म्हणून चालतो, राज्यपाल म्हणून चालतो, अलीकडे पक्षाचा उमेदवार म्हणूनही चालतो. धोरण जिथे शिजतं त्या खोलीत मात्र तो पाहुण्यासारखा येतो, विचारलं तर बोलतो आणि निघून जातो. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयात लष्करी सल्लागाराचं पद आहे हे खरं, आणि जनरल अनिल चौहान तिथूनच संरक्षणदल प्रमुखपदावर गेले हेही खरं. पण सल्ला देणं वेगळं आणि मसुद्याच्या पहिल्या ओळीपासून सोबत असणं वेगळं.

माझं म्हणणं सरळ आहे. सैनिकाला, त्यातही नौदलाच्या माणसाला, मुत्सद्देगिरीत आणायचं असेल तर चाळिशीत आणा, बासष्टाव्या वर्षी नको. नोकरीत असताना दिलेलं काम देशाच्या उपयोगी पडतं. निवृत्तीनंतर दिलेलं पद ही बक्षिसी ठरते, आणि बक्षिसीची आशा नोकरीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत माणसाला हळूहळू मऊ करते.

नौदल आधी का, तर त्याच्या कामाचं स्वरूपच तसं आहे म्हणून. रणगाडा सीमा ओलांडतो तेव्हा युद्ध सुरू होतं. युद्धनौका दुसऱ्या देशाच्या बंदरात शिरते तेव्हा बहुधा बँड वाजतो, कप्तान तिथल्या महापौरांना भेटतो आणि संध्याकाळी डेकवर मेजवानी होते. हीच नौका महिन्याभराने त्याच देशाच्या किनाऱ्यापासून तेरा-चौदा सागरी मैलांवर, म्हणजे त्याच्या सागरी हद्दीच्या जेमतेम बाहेर, उभी राहिली तर निरोप वेगळा असतो, आणि तरीही कुठलाही कायदा मोडलेला नसतो. मैत्री, मदत, इशारा आणि धाक ही चारही कामं एकच जहाज, एकच कप्तान करतो, आणि बहुतेक वेळा दिल्लीपासून हजारो किलोमीटर दूर.

मार्च २०२४ मधली ‘रुएन’ या मालवाहू जहाजाची सुटका आठवा. माल्टाचा झेंडा, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे, जहाज तीन महिने सोमाली चाच्यांच्या ताब्यात. आयएनएस कोलकाता चाळीस तास त्याच्यामागे लागून होती, चाच्यांनी नौकेवर गोळीबारही केला. शेवटी हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. आपण ही बातमी शौर्यकथा म्हणून वाचली आणि ते योग्यच होतं. पण त्या चाळीस तासांत कप्तानासमोर किती कायदे, किती झेंडे आणि किती सरकारं होती ते मोजून पाहा. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देता आलं, कारण २०२२ मध्ये आपण चाचेगिरीविरोधी कायदा केला होता. तो कायदा नसता तर पकडलेल्या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न आधीच्या काळात वारंवार पडत असे.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये गय्यूम सरकार उलथवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा आग्र्याहून उडालेल्या पॅराट्रूपर्सची कहाणी सगळ्यांना पाठ आहे. उरलेला भाग थोड्यांना आठवतो. भाडोत्री सैनिक ‘प्रोग्रेस लाइट’ नावाचं जहाज आणि ओलीस घेऊन पळाले आणि श्रीलंकेच्या दिशेने निघाले. गोदावरी आणि बेतवा या नौकांनी त्यांना गाठलं. श्रीलंकेत त्या वेळी आपली शांतिसेना होती, तिथलं राजकारण पेटलेलं होतं, ओलिसांचे जीव टांगणीला होते आणि मालदीवचं सरकार दर तासाला विचारत होतं. त्या वेळी नौदलप्रमुख होते अ‍ॅडमिरल जयंत नाडकर्णी. गोळा कुठे टाकायचा, किती जवळ टाकायचा, हा निर्णय त्या क्षणी लष्करी होता की राजकीय? ज्यांना यात रेघ ओढता येते त्यांनी ती ओढून दाखवावी.

आपल्या व्यवस्थेत मात्र ही रेघ फार ठळक आहे. भारत सरकारचं कामकाज वाटून देणारे १९६१चे नियम देशाच्या संरक्षणाचं काम संरक्षण खात्याकडे, म्हणजे व्यवहारात संरक्षण सचिवाकडे सोपवतात. तिन्ही दलांची मुख्यालयं कित्येक दशकं मंत्रालयाला ‘जोडलेली कार्यालयं’ होती, मंत्रालयाचा भाग नव्हती. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने हे सगळं उघड्यावर मांडलं, मग मंत्रिगटाचा अहवाल आला, २००१ मध्ये अंदमान-निकोबार कमांड उभी राहिली आणि तिन्ही दलांचा एकात्मिक स्टाफही आला. सर्वांत वरची खुर्ची मात्र रिकामीच राहिली. संरक्षणदल प्रमुख नेमायला २०२० उजाडलं. जनरल बिपिन रावत हेलिकॉप्टर अपघातात गेल्यावर ते पद पुन्हा नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामं राहिलं. पहिले दोन्ही संरक्षणदल प्रमुख भूदलाचेच झाले, यात आश्चर्य काही नाही.

या तुटकपणाची सर्वांत महागडी किंमत आपण श्रीलंकेत मोजली. १९८७ मध्ये करार झाला, शांतिसेना उतरली. कोलंबोत उच्चायुक्त होते जे. एन. दीक्षित, बुद्धिमान, धडाडीचे आणि आपल्या मतांबद्दल कमालीचे ठाम. जाफन्यात जनरल होते, त्यांचा हुकूम मद्रासहून येत होता. गुप्तचर खात्याचे धागे तिसरीकडे होते आणि दिल्लीत चौथाच सूर होता. एका बेटावर एकाच देशाची तीन-चार धोरणं चालू होती. अकराशेहून अधिक जवान परत आले नाहीत. नंतर काय झालं? सेनापतींनी निवृत्त होऊन आठवणी लिहिल्या आणि उच्चायुक्त पुढे परराष्ट्र सचिव, मग राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. दीक्षितांना मी दोष देत नाही, त्यांची कर्तबगारी मोठी होती. पण या दोन वाटा आयुष्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या, हा दोष व्यवस्थेचा आहे. जाफन्यातला एखादा ब्रिगेडियर आधी दोन वर्षं कोलंबोच्या कचेरीत राजकीय विभागात बसलेला असता, किंवा दीक्षितांच्या हाताखालचा एखादा प्रथम सचिव कुठल्या डिव्हिजनमध्ये राहिलेला असता, तर युद्ध टळलं असतं असं मी म्हणणार नाही. एकमेकांची भाषा मात्र कळली असती.

मराठी माणसाला याचं जुनं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जाळलं वॉटसन आणि क्लाइव्हच्या इंग्रजांनी, आणि त्यांना सोबत होती पेशव्यांची. तुळाजी काही साधा माणूस नव्हता. पुण्याशी त्याचं वाकडं होतं, किनाऱ्यावर त्याची दहशत होती, त्याला लगाम घालणं नानासाहेबांना गरजेचं वाटलं तर ते समजण्यासारखं आहे. न समजण्यासारखं आहे ते हे, की हा प्रश्न पुण्यात निव्वळ घरचं भांडण म्हणून सोडवला गेला. एक उद्दाम सरदार वठणीवर आला असा हिशेब झाला. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारी सर्वांत मोठी ताकद त्या दिवशी गेली, हा हिशेब मांडायला दरबारात कुणी बसलेलं नव्हतं. घाटावरचे मुत्सद्दी हुशार होते. त्यांना पाणी माहीत नव्हतं, इतकंच.

आता एक अपवाद, कारण मला जे हवं आहे ते या देशात एकदा अर्धवट का होईना घडलेलं आहे.

रामदास कटारी हे भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. देश स्वतंत्र होऊन अकरा वर्षं होत आली तरी आपलं नौदल ब्रिटिश अ‍ॅडमिरलच्या हाताखाली होतं. २२ एप्रिल १९५८ रोजी कटारींनी सूत्रं घेतली. भूदलात करिअप्पांनी हेच १९४९ मध्ये केलं होतं, यावरून नौदल आपल्या प्राधान्यक्रमात कुठे होतं ते दिसतं. कटारी सरळ नौदलातून वर आलेले नव्हते. ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजाच्या पहिल्या तुकडीतले ते कॅडेट, म्हणजे मूळचं शिक्षण व्यापारी जहाजांचं. मग कोलकात्याला हुगळी नदीच्या पाहणी खात्यात नोकरी. हुगळी ही खलाशांची परीक्षा घेणारी नदी आहे. गाळाचे बांध सतत सरकतात, कालचा नकाशा आज चालत नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते राखीव दलातून नौदलात आले आणि तिथेच राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मोहिमेत नौदलाने स्वतंत्र भारतातली पहिली लढाई केली. अंजदीव बेटावर उतरताना सात नौसैनिक पडले, मुरगावजवळ पोर्तुगीजांची युद्धनौका ‘अफोन्सो दे अल्बुकर्क’ निकामी झाली.

निवृत्तीनंतर कटारींना आंध्रच्या एसटी महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं. (बस चालवण्यासाठी अ‍ॅडमिरल! पण तो काळच तसा होता, आणि शिस्त लावायला फौजी माणूस बरा ही समजूत आजही गेलेली नाही.) पुढे १९६४ मध्ये ते ब्रह्मदेशात राजदूत म्हणून गेले आणि १९६९ पर्यंत राहिले. ही नेमणूक मला न्यूझीलंडच्या जातीची वाटत नाही. रंगूनमध्ये १९६२ पासून जनरल ने विन यांची लष्करी राजवट होती. दुकानं, गिरण्या, बँका सरकारने ताब्यात घेतल्या होत्या. पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेले भारतीय वंशाचे लोक अक्षरशः अंगावरच्या कपड्यांनिशी जहाजांत चढून मद्रासला येत होते. दिल्लीची तिथली पत खाली गेलेली, पलीकडे चीन, आणि सरहद्द नीट आखलेली नाही. अशा वेळी गणवेशातल्या राज्यकर्त्याशी बोलायला गणवेशातून आलेला माणूस पाठवणं यात शहाणपण होतं. मार्च १९६७ मध्ये भारत-ब्रह्मदेश सीमेचा करार झाला तो कटारींच्याच कारकिर्दीत. त्याचं सगळं श्रेय त्यांचं असा दावा कुणी करणार नाही, करार खात्यात बनतात. तरीही योग्य माणूस योग्य ठिकाणी होता, हे म्हणता येतं.

आणि तरीही ते उशिराच झालं. कटारी रंगूनला गेले तेव्हा त्यांची नौदलातली कारकीर्द संपली होती. तिथे पाच वर्षांत जे शिकले ते घेऊन परतायला त्यांना नौदलच उरलं नव्हतं. ते ज्ञान वाया गेलं. अ‍ॅडमिरल राजदूत झाला, पण राजदूत होऊन आलेला कुणी अ‍ॅडमिरल झाला नाही. मला नेमकं हेच उलटं झालेलं हवं आहे.

असं उलटं घडलेल्या माणसाचं नाव विल्यम क्रो. अमेरिकन नौदलातला पाणबुडीवाला अधिकारी. अणुपाणबुड्यांचे सर्वेसर्वा रिकोव्हर यांच्या कार्यक्रमात जाण्याची संधी सोडून तो प्रिन्स्टनला राज्यशास्त्रात पीएचडी करायला गेला. नौदलात हे म्हणजे स्वतःच्या हाताने बढतीवर पाणी सोडण्यासारखं मानलं जात होतं. पुढे मेकाँगच्या खाड्यांत, बहरीनमध्ये, नेपल्समध्ये आणि हवाईत काम करत तो १९८५ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचा अध्यक्ष झाला. त्या पदावर त्याने केलेलं मोठं काम रणांगणावरचं नव्हतं. सोव्हिएत मार्शल अख्रोमेयेव यांच्याशी त्याने ओळख वाढवली, त्यांना अमेरिकेत फिरवलं, स्वतः रशियात गेला, आणि जून १९८९ मध्ये मॉस्कोत धोकादायक लष्करी हालचाली टाळण्याचा करार झाला. दोन नौका समोरासमोर आल्या, विमान चुकून सीमेत शिरलं, तर गोळी झाडण्याआधी काय करायचं याचे नियम त्यात होते. समुद्रावर समोरासमोर उभं राहून पाहिलेल्या माणसालाच अशा कराराची निकड इतकी कळते.

याच माणसाच्या कारकिर्दीत जुलै १९८८ मध्ये ‘विन्सेन्स’ या अमेरिकन नौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं मेली, आणि पत्रकारांसमोर पहिल्या दिवशी क्रोने जे सांगितलं त्यातलं बरंच नंतर चुकीचं निघालं. शिकलेला, मुत्सद्दी अ‍ॅडमिरलही आपल्या दलाच्या बाजूने आधी बोलतो. हे ध्यानात ठेवायला हवं. त्यानंतरची गोष्ट तर माझ्या मुद्द्याच्या थेट गाभ्याशी येते. निवृत्त झाल्यावर १९९० मध्ये त्याने सिनेटसमोर जाऊन सांगितलं की इराकवर हल्ला करण्याआधी निर्बंधांना वेळ द्या. हे धाडस होतं आणि ते कुठल्याही पदासाठी नव्हतं. पण १९९२ मध्ये त्याने क्लिंटन यांना उघड पाठिंबा दिला आणि १९९४ मध्ये तो लंडनमध्ये राजदूत झाला. तो उत्तम राजदूत असेलही. तरी ही दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवली की संशयाला जागा राहते, आणि असा संशय एका माणसापुरता थांबत नाही. पुढच्या प्रत्येक सेनाप्रमुखाच्या सल्ल्याकडे राजकारणी त्याच नजरेने पाहू लागतात. हा आमचा का त्यांचा?

याला विरोध करणारे विचारतील, की तुम्हाला सैन्याला राजकारणात आणायचं आहे का? शेजारी काय झालं ते दिसत नाही का? दिसतं. पाकिस्तानात परराष्ट्र धोरण रावळपिंडीतून चालतं, म्यानमारमध्ये सेनाच सरकार झाली. भारतात नागरी सत्तेचं वर्चस्व टिकलं ही लहानसहान कमाई नाही, आणि डिसेंबर १९९८ मध्ये अ‍ॅडमिरल विष्णू भागवत यांना नौदलप्रमुखपदावरून दूर करण्यात आलं तेव्हा सरकारचा हक्क कुणी नाकारला नाही, पद्धतीबद्दल कितीही वाद झाला तरी. पण त्या प्रकरणाने आणखी एक गोष्ट दाखवली. नौदलप्रमुख आणि मंत्रालय यांच्यामध्ये वाद मुरवणारा, दोघांचं ऐकलेला, दोघांकडे काम केलेला असा थरच नव्हता. उपप्रमुखाच्या नेमणुकीवरून सुरू झालेली कुरबुर बडतर्फीपर्यंत गेली. नागरी वर्चस्व म्हणजे सैनिकाला खोलीबाहेर बसवणं असा अर्थ आपण लावून घेतला आहे. खरं तर खोलीत असलेल्याला नीट आज्ञा देता येते, दाराबाहेरच्याला फक्त हुकूम देता येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गणवेश स्वतःच कधी कधी मुत्सद्देगिरीच्या आड येतो. मालदीवचंच पाहा. १९८८ मध्ये आपण सरकार वाचवलं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेचा पाण्याचा प्रकल्प जळाला तेव्हा ‘सुकन्या’ नौका पिण्याचं पाणी घेऊन गेली. हेलिकॉप्टर दिली, डॉर्निअर विमान दिलं, रुग्णांना बेटांवरून हलवलं. आणि त्याच विमानांसोबत असलेल्या काही डझन भारतीय सैनिकांच्या नावाने ‘इंडिया आउट’ची मोहीम उभी राहिली, मुइझ्झू अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि मे २०२४ पर्यंत गणवेशातल्या माणसांच्या जागी नागरी तंत्रज्ञ पाठवावे लागले. काम तेच, विमानं तीच, कपडे बदलले. लहान देशाला मोठ्या शेजाऱ्याचा गणवेश टोचतो, तो माणूस रुग्ण वाहून नेत असला तरी.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यातूनच माझी मागणी अधिक नेमकी होते. राजनयात नौदलाचा माणूस हवा म्हणजे दूतावासात पांढरा गणवेश वाढवा असं मी म्हणत नाही. डिफेन्स अटॅशे, म्हणजे दूतावासातले लष्करी प्रतिनिधी, आहेतच, २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या काही देशांत नव्याने नेमले गेले तेही चांगलं झालं. पण अटॅशेचा अहवाल लष्करी गुप्तवार्तेकडे जातो, दूतावासाच्या राजकीय टिपणात त्याची सही नसते. मला हवा आहे तो परराष्ट्र खात्यातल्या हिंदी महासागर विभागात साध्या शर्टात बसलेला कमांडर किंवा कॅप्टन, जो मॉरिशसच्या फाइलवर टिपण लिहितो, सहसचिवाची लाल शाई खातो आणि दोन-तीन वर्षांनी परत जहाजावर जातो. आणि उलट बाजूने मुंबई, विशाखापट्टणम किंवा श्री विजयपुरमच्या (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या) मुख्यालयात बसलेला परराष्ट्र सेवेचा तरुण अधिकारी, ज्याला नौका बंदरात किती दिवस थांबते, तेल कुठे घेते, आणि एखाद्या बंदराने ‘नाही’ म्हटलं की पुढचा महिना कसा बिघडतो हे स्वतः पाहिल्याने कळलेलं असतं.

हे का होत नाही? विचारसरणी वगैरे मोठी कारणं सांगितली जातात. माझ्या मते खरं कारण बढतीच्या फॉर्ममध्ये आहे. नौदलात वर जायचं तर समुद्रावरचा काळ मोजला जातो, आणि त्यातही नौकेची कमान, म्हणजे तिचं नेतृत्व. ज्या वयात कमांडरला नौकेची कमान मिळते त्याच वयात तो दिल्लीत फाइल लिहीत बसला तर पुढच्या बढती-मंडळासमोर त्याची पाटी कोरी दिसते. कुठला शहाणा अधिकारी हे पत्करेल? परराष्ट्र सेवेतही तसंच. वॉशिंग्टन, बीजिंग, न्यूयॉर्क सोडून विशाखापट्टणमला दोन वर्षं काढलेल्याला कुणी हुशार म्हणणार नाही. मुळात ती सेवाच इतकी छोटी आहे की माणूस उसना द्यायला त्यांच्याकडे माणूस नाही. राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालयात दोन्हीकडचे अधिकारी वर्षभर एकत्र शिकतात, ती चांगली सोय १९६० पासून आहे. पण तिथे माणूस येतो तो ब्रिगेडियर, कमोडोर किंवा सहसचिव झाल्यावर. तोवर सवयी पक्क्या झालेल्या असतात. मैत्री होते, मुलांच्या लग्नाची आमंत्रणं जातात, खाती मात्र आपापल्या जागी राहतात.

म्हणून पहिला बदल कारकुनी आहे आणि तो कुठल्याही समितीविना करता येईल: परराष्ट्र खात्यात किंवा सुरक्षा सचिवालयात काढलेली दोन वर्षं बढतीसाठी कमानीच्या बरोबरीची धरायची. भाषणांमधून जे वीस वर्षांत झालं नाही ते या एका ओळीने होईल.

दुसरा बदल अवघड आहे, कारण तो राजकारण्यांच्या सोयीच्या आड येतो. निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याला खासगी कंपनीत नोकरी घ्यायची असेल तर आपल्याकडे एक वर्ष थांबावं लागतं किंवा परवानगी घ्यावी लागते. कारण उघड आहे, खरेदीच्या फाइलवर सही करणारा हात उद्या विकणाऱ्याच्या खिशात जायला नको. पण त्याच अधिकाऱ्याला राज्यपाल, राजदूत किंवा लोकसभेचा उमेदवार व्हायचं असेल तर एका दिवसाचीही अट नाही. कंपनी विकत घेऊ शकते, सरकार आणि पक्ष घेऊ शकत नाहीत, असं आपण कशाच्या आधारावर धरून चाललो आहोत? अमेरिकेत निवृत्त सेनाधिकाऱ्याला संरक्षणमंत्री व्हायला काही वर्षं जावी लागतात. तिथेही २०१७ मध्ये मॅटिस आणि २०२१ मध्ये ऑस्टिन यांच्यासाठी संसदेने सूट दिली, म्हणजे नियम मोडला जातोच. पण मोडताना संसदेत मतदान घ्यावं लागलं, कारण सांगावं लागलं. आपल्याकडे कारण विचारायचीच सोय नाही.

इथे मला एका नेमणुकीबद्दल वेगळं बोललं पाहिजे. अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीच्या दुर्घटनेनंतर नैतिक जबाबदारी घेऊन नौदलप्रमुखपद सोडलं. मुदत बरीच शिल्लक होती, कुणी मागितलं नव्हतं. साडेतीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, ते अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले. मधली वर्षं गेली होती, सरकार बदललं होतं, आणि जागा अशी की जिथे समुद्र कळणाऱ्या माणसाचा उपयोग आहे. ग्रेट निकोबारच्या बंदर प्रकल्पावरून तिथे पुढे वाद झाले, त्यात पर्यावरणवाद्यांचे मुद्दे मला पटतात, पण तो वेगळा विषय. नेमणुकीपुरतं बोलायचं तर ती बक्षिसी वाटत नाही. मधली साडेतीन वर्षं नसती तर कदाचित वाटली असती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल जी. अशोक कुमार देशाचे पहिले राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक झाले. मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला त्याला तेव्हा तेरा वर्षं उलटली होती. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराच्या हाताखाली, धोरणाच्या खोलीत नौदलाच्या माणसाला स्वतःचं टेबल मिळालं ते असं. पद चांगलं आहे, माणूसही नौदलाचा उपप्रमुख राहिलेला होता. पण तोही निवृत्तच. त्या टेबलाभोवती काम करणारे तिशी-पस्तिशीतले लेफ्टनंट कमांडर किती आहेत, त्यांच्या शेजारी परराष्ट्र सेवेतले किती आहेत, आणि तिथून परत गेल्यावर त्यांच्या बढतीचं काय होतं, हे संसदेत एखाद्या खासदाराने विचारायला हरकत नाही. आपल्या राज्याचे लोकसभेतच अठ्ठेचाळीस आहेत.